पाचवीचा कागद

खव्याचं दूध एकदा कढईत पडलं की भट्टीवरच्या बाईने जागचं हलायचं नाही, हा सारजाबाईचा तीस वर्षांचा नेम. दारात पाहुणा आला तर त्याने उभं राहावं, फोन वाजला तर त्याने वाजून वाजून दमावं. हात थांबला की दूध खाली लागतं, आणि खाली लागलेल्या खव्याला भूमच्या बाजारात कुत्रं विचारत नाही. सोनारीच्या शिवारात त्यांची वस्ती. आसपासच्या आठ-दहा घरांचं दूध त्यांच्याकडे यायचं आणि तिच्या हाताने आटून डब्यात जायचं. म्हणून मुजीब वकिलांचा फोन आला तेव्हाही तिने उलथनं सोडलं नाही. फोन घेतला लिंबाजीने. तो भट्टीच्या तोंडाशी तुऱ्हाट्या सारत बसला होता. पलीकडचा माणूस ठार बहिरा असल्यागत ओरडून बोलायची त्याची खोड होती.

"व्हय सायेब... गुरवारी... तिलाच? बरं, बरं. आणतो."

फोन खिशात घालून त्याने बायकोकडे बघितलं. "गुरवारी तारीख हाय. तुझी उलटतपासणी लागलीय म्हणं."

"माझी?"

"न्हाय तर काय माझी? तू साक्षीदार हाईस. समोरचा वकील इचारणार, तू सांगायचं."

"काय सांगायचं?"

"ते तुलाच ठाव. म्या दवाखान्याबाहेर हुतो, रिक्षा लावतात तिथं." एवढं बोलून त्याने भट्टीत फुंकर मारली. धूर त्याच्याच डोळ्यांत गेला.

सारजाबाईचा हात कढईत गोल फिरत राहिला. मनगटापासून खांद्यापर्यंत त्या हाताला आता आपोआप फिरायची सवय होती. मन कुठे का असेना, हात कढईत. तिचं मन मात्र चार वर्षांमागच्या एका दुपारी जाऊन बसलं होतं. ते तिथून हलायला तयार नव्हतं.

शेजारी बाजेवर तिची नात आरोही उताणी पडली होती. चार वर्षांची पोर, पण मान अजून सावरत नव्हती. पाय काठीसारखे ताठ, एकमेकांत अडकलेले. लाळ गळायची म्हणून गळ्यात कायम फडकं. पण पोर हसायची मात्र झकास. किटलीतलं दूध कढईत पडल्याचा आवाज आला, की तिचं सगळं अंग हसायचं. लिंबाजी शिंकला तरी हसायची, म्हणून तो म्हातारा दिवसातून चार वेळा उगीच खोटं खोटं शिंकायचा.

आरोहीची आई शिवप्रिया बाजेच्या कडेला बसून तिच्या पोटऱ्यांना तेल लावत होती. मुडपलेला गुडघा हळूच सरळ करायचा, दहा मोजायचे, सोडायचा. सोलापूरच्या डॉक्टरांनी शिकवलेला हा व्यायाम ती दिवसातून तीनदा करायची. वय सव्वीस, पण खाली वाकली की पाठीच्या कण्याचे मणी मोजता यायचे. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आली ती अजून माहेरीच होती. सासर जळकोटचं. "पोरगी पायावर उभी राहिली की घेऊन या," असं सासूने पहिल्या वर्षी सांगितलं होतं. नवरा इंद्रजित पहिले सहा महिने दर रविवारी आला, मग महिन्याने, मग सणावाराला, आणि आता फोनवर. दवाखान्याविरुद्धच्या तक्रारीच्या कागदावर त्याची सही होती, तारखेला तो नसायचा.

"गरम हाय, घेतीस का चिमूटभर?" खवा उतरवताना सारजाबाईने सवयीने विचारलं.

"नगं," शिवप्रिया म्हणाली.

लहानपणी ही पोरगी कढईची खरवड खरवडून खायची. बाळंतपणापासून तिने खवा तोंडात घेतला नव्हता. लेकरासाठी देवाला काही बोलली असेल, सोनारीच्या भैरवनाथापुढे सोडला असेल, असं सारजाबाईने धरलं होतं. नवसाचं विचारू नये, म्हणून कधी विचारलंही नव्हतं.

यंदा पावसाने सगळा भादवा धुऊन काढला होता. सोयाबीन उभ्याउभी शेंगांतच मोडावलं. तरी ते काढायला तर लागतंच. सोमवारी खव्याचा घाणा उतरला की तिघंही चिखलात उतरली, आरोहीला बांधावर झोळीत टांगून. चिखल पिंढरीपर्यंत. विळा मारला की रोप मुळासकट उपसून यायचं आणि तोंडावर गारा उडायचा. काळ्या पडलेल्या शेंगांना आंबूस वास सुटला होता. झोळीतून आरोही अधूनमधून "आं... आं" करायची, तेवढाच आवाज.

मंगळवारी वकिलांनी तयारीसाठी बोलावलं. परंड्याहून बार्शी, बार्शीहून धाराशिव. एस.टी.त दोन तास पोरगी आळीपाळीने मांडीवर. ताठ झालेलं चार वर्षांचं लेकरू मांडीवर ठरत नाही, ते घसरत राहतं. कंडक्टरने एकदा बघितलं आणि तिकीट फाडता फाडता विचारलं, "ताप आलाय का?" शिवप्रिया म्हणाली, "व्हय." खरं सांगायचा तिला कंटाळा आला होता.

मुजीब वकील पन्नाशीचे, बारीक चणीचे. खोली दोन टेबलांची, पण फायली छतापर्यंत. सारजाबाईला ते मावशी म्हणत. त्यांनी पाणी दिलं आणि एक छापील कागद पुढे सरकवला.

"मावशी, ही सही तुमची?"

सारजाबाईने कागद लांब धरून बघितला. सही तिचीच. सारजाबाई लिंबाजी नलवडे, एकेक अक्षर पेरल्यागत अलग अलग. शिवप्रिया पाचवीत असताना आईला पाटीवर गिरवून घ्यायची, तिथली ही विद्या. तेव्हापासून सारजाबाईने कुठे अंगठा लावला नव्हता. त्या दिवशीही दवाखान्यातल्या आयाने शाईचा डबा पुढे केला, तर हिने तो बाजूला सारला होता. "आंगठा कशाला? सही येती मला," असं ठसक्यात म्हणाली होती. आतलं लेकरू निळं पडलेलं, रुग्णवाहिकेचं दार उघडं, आणि ही बाई सहीचा ठसका दाखवत होती. आठवलं की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

"माझीच हाय. लेकराला सोलापूरला न्यायचं म्हणून घेतली."

"किती वाजता?"

"साडेतीन झाले असतील. पोरगी झाल्यावर."

"कागदावर वेळ आहे सकाळी अकरा चाळीस." वकिलांनी बोट ठेवलं. "आणि वर लिहिलंय, डॉक्टरांनी सिझरचा सल्ला दिला, नातेवाइकांनी नकार दिला, होणाऱ्या परिणामांना आम्ही जबाबदार. यावरच त्यांची सगळी केस उभी आहे. त्यांचं म्हणणं, बाळाचे ठोके शेवटपर्यंत चांगले होते, आम्ही हाताने तपासून लिहून ठेवलेत, आणि उशीर झाला तो घरच्यांमुळे."

"हाताने?" शिवप्रिया पुढे सरकली. "माझ्या पोटाला पट्टा बांधला हुता. मशीन चालू हुतं. कागद निघत हुता त्यातनं, लांबच्या लांब."

"मशीन त्या दिवशी बंद होतं, असं त्यांचं लेखी म्हणणं आहे. ती कागदाची पट्टी असती तर प्रश्नच नव्हता. तिच्यावर वेळ आपोआप छापून येते, ती कुणाला फिरवता येत नाही. मी तक्रार टाकतानाही विचारलं होतं. नाहीच ना घरात?"

"न्हाय," शिवप्रिया म्हणाली. "समदी पिशवी चार डाव उलटी केली."

आरोहीच्या तोंडाची लाळ सारजाबाईने पुसली, मग पुन्हा पुसली, आणि लाळ नव्हती तरी तिसऱ्यांदा पुसली.

पट्टी घरात होती.

रुग्णवाहिकेच्या घाईत आयाने टेबलावरचं सगळं गोळा करून पिशवीत कोंबलं होतं. फडकी, साडी, टोपडं, आणि त्या फडक्यांत गुंडाळलेला तो लांब घडीचा कागद. शिवप्रिया आणि पोर सोलापुरात, पोर काचेच्या पेटीत. पाचव्या दिवशी सारजाबाई एकटी घरी आली होती, कारण पाचवी पुजायची होती. लेकरू समोर नसलं तरी सटवाई यायची चुकत नाही. ती कपाळावर लिहून जाते. तिला कोरा कागद आणि लेखणी ठेवली नाही तर ती काय लिहील याचा भरवसा काय? दिवेलागणीला पाटा-वरवंटा मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि कागद शोधायला गेली तर अख्ख्या घरात कोरा कागद नाही. जुन्या वह्या रद्दीत गेलेल्या, कॅलेंडरच्या पाठीवर दुधाचा हिशेब. पिशवीतून तो लांब कागद निघाला. एका अंगाला बारीक चौकटी आणि नागमोडी रेघ, पाठ कोरी करकरीत. तिने पाठ वर केली, हळदीचं बोट लावलं आणि पाट्यापुढे ठेवला. वर शिवप्रियाचा शाळेतला पेन ठेवला. हात जोडून म्हणाली, "बाई, चांगलं लिही. चुकलं-माकलं माझ्या पदरात घाल."

सकाळी तो कागद तसाच घडी करून, नाळेच्या तुकड्याबरोबर तांबड्या फडक्यात बांधून तिने देवळीत ठेवला. सटवाईचं लिहिलेलं उघडायचं नसतं, वाचायचं नसतं. दोन वर्षांनी वकिलांनी पट्टीचं विचारलं तेव्हा तिला देवळी आठवली होती. पण तिने सांगितलं नाही. उघडलं आणि लिहिलेलं मोडलं, तर पोर हसते तेवढीही हसायची नाही, ही एक भीती. दुसरी भीती त्याहून मोठी होती, आणि ती सटवाईची नव्हती, स्वतःच्या हाताची होती.

बुधवारी दुपारी लिंबाजी आणि शिवप्रिया ताडपत्री टाकायला रानात गेली. आभाळ पुन्हा भरून आलं होतं. सारजाबाई आरोहीपाशी थांबली. तिने हातपाय धुतले, देवाला दिवा लावला आणि देवळीतलं फडकं काढलं.

देवळी होती भट्टीच्या पाठच्या भिंतीत. ओल लागू नये, वाळवी लागू नये म्हणून तिने मुद्दाम ती निवडली होती. घरातली सगळ्यात कोरडी जागा. भिंतीला हात लावला तर बारा महिने ऊब.

"बाई, माफ कर," म्हणत तिने गाठ सोडली. नाळेचा तुकडा वाळून खारकेसारखा झाला होता. कागदाची वरची घडी काळी होती, तव्याच्या बुडासारखी. तिने दुसरी घडी उलगडली. काळी. तिसरी काळपट, चौथी राखाडी. अगदी आतली घडी पिवळट उरली होती, पण तिच्यावर ना चौकटी, ना रेघ, ना आकडा. तिने कागद दारातल्या उजेडात धरला, डोळ्यांजवळ नेला, तिरका केला. पाठीच्या अंगाला एका कोपऱ्यात तिच्या बोटाचा हळदीचा ठसा मात्र काल उमटवल्यासारखा ठसठशीत होता. एवढ्या मोठ्या कागदावर तेवढंच लिहिलेलं.

आरोही बाजेवरून तिच्याकडे बघून हसत होती.

"हसतीस कशाला गं बाई," सारजाबाई म्हणाली आणि खाली बसून पदर तोंडात कोंबून रडली. मग दुधाची किटली दारात वाजली, तशी उठली. दूध काही थांबत नाही.

गुरुवारी ग्राहक आयोगाच्या व्हरांड्यात तिने मुजीब वकिलांना खांबाआड बोलावलं आणि पिशवीतून फडकं काढून दिलं. शिवप्रिया लांब बाकावर पोरीला चमच्याने पाणी पाजत होती. वकिलांनी घडी उलगडली. एकेक घडी उजेडाकडे धरून बघितली.

"कुठं ठेवलं होतं हे?"

"भट्टीमागं. देवळीत."

"मावशी, हा उष्णतेनं काळा पडणारा कागद. दुकानातली पावती असते ना, तसला." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "चार वर्षं तुम्ही पुरावा भाजत ठेवलात."

सारजाबाईने मान खाली घातली.

"ऐका आता. हे बाहेर काढायचं नाही. काढलं तर ते म्हणतील, यांनीच पुरावा नष्ट केला. तुम्ही एवढंच म्हणायचं, 'आम्ही सिझरला नको म्हणलो नाही, सही मागाहून घेतली.' बाकी काही विचारलं तर आठवत नाही. पाठ झालं?"

"नको म्हणले न्हाय. सही मागनं घेतली. आठवत न्हाय."

"शाबास."

पुकारा झाला. खोलीत उंच टेबलामागे अध्यक्ष आणि एक महिला सदस्य, बाजूला टंकलेखक. दवाखान्याच्या डॉक्टर मॅडम आल्या नव्हत्या, त्यांचे वकील होते. गोरेपान, गोड बोलणारे. ते सारजाबाईला आजी म्हणाले. जिने तिला आजपर्यंत आजी म्हणायला हवं होतं, त्या पोरीला अजून बोलता येत नव्हतं.

"आजी, ही सही तुमची ना?"

"व्हय."

"वाचता येतं?"

"अक्षर जुळवत येतं."

"सुंदर अक्षर आहे. म्हणजे अंगठा लावला नाही, वाचून सही केली."

"न्हाय. घाईत केली. पोरगी झाल्यावर."

"असू दे. मला एकच सांगा. त्या दिवशी, कागदाचं राहू द्या बाजूला, तोंडाने तुम्ही म्हणालात का, की सिझर नको? हो किंवा नाही."

मुजीब वकिलांनी टेबलावरचा पेन उचलून खाली ठेवला. सारजाबाईच्या ओठांवर पाठ केलेलं वाक्य आलंही होतं. तेवढ्यात मागच्या बाकावर आरोही "आं" करून ओरडली. सारजाबाईने वळून बघितलं. शिवप्रिया पोरीला थोपटत नव्हती, गप्प करत नव्हती. ती आईकडे बघत होती. नुसती बघत होती. सारजाबाईला वाटलं, आपल्याला कुणी आडात सोडलंय आणि वरून दोर ओढून घेतलाय. हो म्हटलं तर केस जाते. नाही म्हटलं तर या पोरीच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, आणि तोही रोज, एकाच चुलीपाशी?

"म्हणले," ती म्हणाली.

मुजीब वकिलांनी डोळे मिटले.

"एवढंच हवं होतं. धन्यवाद आजी."

"माझं झालं न्हाय अजून."

"तुम्ही उत्तर दिलंत, पुरे."

"बोलू द्या त्यांना," महिला सदस्य म्हणाल्या. "सांगा बाई, सावकाश."

सारजाबाईने साक्षीदाराच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. "अकराला मॅडम आल्या. म्हणल्या, बघू, न्हाय झालं तर सिझर करू. म्या म्हणले, नॉर्मलच हुऊ द्या. इहीणबाईचा फोन आला हुता, आमच्या घरात कुणाच्या पोटाला अजून कात्री लागली न्हाय म्हणून. मॅडम गेल्या. बाराला माझी लेक रडाय लागली. म्हणली, आई, मला सोसंना, सिझर कराय सांग. म्या सांगितलं न्हाय. सिस्टर वरडंल म्हणून तिच्या तोंडावर हात ठिवला. म्हणले, आमी न्हाय का सोसलं? हे माझं पाप हाय, ते लिवून घ्या."

टंकलेखकाने अध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. टकटक सुरू झाली.

"पर एकला ठोके बदलले. मशीन बंद नव्हतं. म्या उशाला बसले हुते, माझ्या कानाशी वाजत हुतं. आदी असं हुतं..." आणि तिने कठड्यावर बोटं वाजवायला सुरुवात केली. भरभर, एकसारखी, दौडत्या घोड्यागत. तीस वर्षं उलथनं फिरवलेला तो हात होता, एकदा धरलेली लय तो सोडत नव्हता. खोलीतली कुजबुज थांबली. "मग असं झालं." बोटं संथ झाली. "मग कळ आली की असं." एक ठोका. थांबली. एक ठोका. पुन्हा थांबली, आणि एवढी थांबली की महिला सदस्यांनी श्वास आत घेतलेला ऐकू आला. मग एक ठोका. "डिझेल सपलं की हिरीवरचं इंजन बसत जातं, तसं. म्या सिस्टरला म्हणले, बाई, आवाज कमी यायलाय, मॅडमला बोलवा. आता सिझर कराय सांगा. तिनं मशीनपाशी जाऊन आवाज बारीक केला. म्हणली, तुमी घाबरताव म्हणून पेशंट घाबरायलीय. मॅडम आल्या अडीचला. मदलं मला ऐकू आलं न्हाय."

टंकलेखकाचे हात थांबले होते. त्याने हळूच विचारलं, "साहेब, हे वाजवलेलं कसं लिहू?"

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "लिहा, साक्षीदाराने ठोक्यांचा आवाज कठड्यावर बोटांनी वाजवून दाखवला."

एवढंच लिहिलं गेलं. एका ओळीत.

गोड वकील उठले. आता ते आजी म्हणाले नाहीत. "ह्याला काही पुरावा? मशीन चालू असेल तर कागद निघतो."

सारजाबाईने पिशवीत हात घातला. मुजीब वकील अर्धे उठले आणि परत बसले. "हुता. म्या सटवाईला दिला. पाचवीला कोरा कागद नव्हता घरात." तिने फडकं सोडून काळी घडी टेबलावर ठेवली. मागे कुणीतरी हसलं. गोड वकीलही हसले, रुमालाने ओठ टिपत. महिला सदस्यांनी तो कागद उलगडून पुढेमागे बघितला, आतल्या कोपऱ्यातल्या हळदीच्या ठशापाशी त्यांचं बोट क्षणभर थांबलं, आणि त्यांनी तो कारकुनाकडे दिला. कारकुनाने त्याला दोन भोकं पाडली, नंबर टाकला आणि फायलीत अडकवला. पुढची तारीख पडली तीन महिन्यांनी.

बाहेर मुजीब वकील म्हणाले, "मावशी, आज तुम्ही केस बुडवली का तारली, अल्लाशपथ मला सांगता येत नाही." त्यांनी आरोहीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ते दुसऱ्या पुकाऱ्याला पळाले.

एस.टी.त शिवप्रिया खिडकीशी बसली. बार्शी आली, गेली. सोयाबीनचे काळे ढीग रानोरान ताडपत्रीखाली पडले होते. सारजाबाईने दोनदा पोर घ्यायला हात पुढे केला, शिवप्रियाने दिली नाही. परंडा जवळ आल्यावर ती खिडकीबाहेरच बघत म्हणाली, "मला आठवत हुतं."

"काय गं?"

"तू त्वांडावर हात ठिवला ते. तुला वाटलं आसंल, कळांच्या भरात पोरगी इसरली. सकाळचा घाणा उतरून आली हुतीस तू. तुझ्या हाताला खव्याचा वास येत हुता." तिने घसरणारी पोर वर ओढली. "चार वर्सं मी खवा खाल्ला न्हाय. तू एकदा बी इचारलं न्हाईस का म्हणून."

आपले हात कुठे ठेवावेत हे सारजाबाईला कळेना. शेवटी तिने ते पदराखाली घेतले. सोनारी येईपर्यंत ते तिथेच होते.

दुसऱ्या दिवशी दूध आलं. ते कुणाच्या तारखा बघत नाही. लिंबाजीने भट्टी पेटवली, बायकोच्या आणि लेकीच्या तोंडाकडे आळीपाळीने बघितलं आणि शहाण्यासारखा तुऱ्हाट्या सारत बसला. सारजाबाई कढईपाशी बसली. देवळी रिकामी होती, नाळेचा तुकडा तेवढा तिने परत ठेवला होता. हात फिरत होता. मग केव्हातरी तो फिरायचा थांबला. तिला कळलंही नाही. ती कढईकडे बघत होती, आणि कढईच्या बुडाशी तपकिरी डाग धरत होता. तीस वर्षांत पहिल्यांदा करपल्याचा वास सुटला.

शिवप्रिया पोरीला कडेवर मारून आली. तिने आरोहीला आईच्या मांडीत टाकलं, तशी पोर घसरली, सारजाबाईने तिला दोन्ही हातांनी धरलं.

"सर तिकडं," शिवप्रिया म्हणाली आणि तिच्या हातातलं उलथनं ओढून घेतलं. "खाली लागायलंय."